मन्सा मूसाचा न आलेला काफिला

सुखदा नेरूरकरला राग आला की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो आणि मग आवाज चढतो, हे जेद्दातल्या त्या इंडियन शाळेत पहिलीच्या पोरांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, त्यातली गत. आईबापांनी कुडाळात मोठ्या हौसेनं सुखदा नाव ठेवलं आणि बाई निघाली तिखटजाळ. पण एक सांगायला हवं, ती उगीच कधी चिडली नाही. चिडण्यासारखं जगात इतकं असतं आणि बाकीचे लोक मूग गिळून बसतात, त्याला ती तरी काय करणार!

कोल्हापुरातून इतिहासात एम.ए. केलं, तेही पहिल्या वर्गात. मग विजयशी लग्न झालं. विजय समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनिअर. तिचा पहिला इकामा, म्हणजे तिथल्या रहिवासाचा परवाना, हातात आला तेव्हा व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' लिहिलेलं होतं. "अगं, कागदावरचं आहे ते," विजय म्हणाला. "कागदावरचंच शेवटी उरतं," ती म्हणाली. "इतिहास कशावरून लिहितात?" वर्षभरात तिनं शाळेत नोकरी मिळवली आणि तेव्हापासून सातवी-आठवीची पोरं तिच्या तावडीत सापडली.

पोरांवर ती क्वचितच रागवायची. तिचा खरा राग होता पाठ्यपुस्तकावर. त्या पुस्तकात आफ्रिका यायची ती थेट गोऱ्यांच्या जहाजांबरोबर. त्याआधी तिथे जणू माणसंच राहत नव्हती, नुसते सिंह आणि जिराफ. "यांना घाना नाही, माली नाही, सोंघाय नाही," ती स्टाफरूममध्ये पुस्तक आपटून म्हणायची. "आपल्याबद्दल इंग्रजांनी असंच लिहिलं तर आपण पेटून उठतो, आणि दुसऱ्याबद्दल लिहिलेलं मुकाट्यानं पोरांकडून पाठ करून घेतो!" हेड म्हणायचे, मॅडम, सिलॅबसमध्ये नाही. ती म्हणायची, सिलॅबस चुलीत घाला. आणि दर वर्षी पुस्तक बाजूला ठेवून ती पोरांना सहाराच्या पलीकडे घेऊन जायची. तघाझाची मिठाची खाण, जिथे घरंसुद्धा मिठाच्या लाद्यांची बांधत. ते मीठ उंटांवर लादून दक्षिणेला न्यायचं आणि त्याच्या बदल्यात सोनं घ्यायचं. त्या व्यापारावर उभी राहिलेली मोठमोठी राज्यं, आणि मालीचा सम्राट मन्सा मूसा, जो हजला निघाला तेव्हा कैरोत त्यानं इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला आणि बरीच वर्षं सावरला नाही. पोरं आ वासून ऐकायची.

यातूनच हलीमाशी मैत्री झाली. हलीमा बर्नावी त्याच शाळेत अरबी शिकवायची. पोरी तिला 'अबला हलीमा' म्हणत. इथे शिक्षिकेला अबला म्हणतात, आणि उंचीपुरी, खणखणीत आवाजाची हलीमा इतकी सबला होती की सुखदाला ती हाक ऐकून सुरुवातीला हसू आवरायचं नाही. एकदा सुखदाचा तास हलीमानं व्हरांड्यात उभं राहून ऐकला आणि बाहेर आल्याआल्या तिला गाठलं.

"तुम्हाला सगळ्यांना एकटा मन्सा मूसाच का लागतो? आम्ही बोर्नूचे, चाड सरोवराकाठचे. आमचं राज्य वेगळं, आमचे राजे वेगळे. मूसाच्या आधी आमच्या राजांनी हज केलाय. कैरोत आमच्या लोकांना उतरायला त्यांनी जागा बांधली होती. मी तुला म्हणते का, तू भारतातली, म्हणजे तू अकबराची नात?"

दुसरं कोणी असं बोललं असतं तर सुखदाचं नाक लाल झालं असतं. पण हलीमाचं बरोबर होतं आणि शिवाय तीही चिडूनच बोलत होती. सुखदाला ती लगेच आवडली. त्या दोघी इंग्रजीत बोलत, मध्ये मध्ये हलीमाचं शाळेत उचललेलं हिंदी आणि सुखदाचं बाजारातलं अरबी. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या टेबलावर दोघींचा चहा ठरलेला.

हलीमाचे वडील मुस्तफा ऐंशीच्या घरात होते. त्यांचे आजोबा बोर्नूहून हजला पायी निघाले होते. वाटेत सुदानात शेतमजुरी केली, लग्न केलं, मुलं झाली, आणि मक्केला पोचेपर्यंत उमेद सरली नव्हती तरी जवानी सरली होती. मुस्तफांचा जन्म जेद्दातला. सारी हयात बंदरावर क्रेन चालवण्यात गेली. कागदोपत्री इथलेच, पण रस्त्यावरचा कुणी उपटसुंभ अजूनही "ए तक्रूनी!" म्हणून हाक मारायचा. तक्रूर हे सेनेगल नदीकाठचं हजार वर्षांपूर्वीचं राज्य, त्या भागात सर्वांत आधी इस्लाम स्वीकारणाऱ्या राज्यांपैकी एक. त्या राज्याचं नाव लोक शिवीसारखं तोंडावर फेकतात, हे हलीमानं सांगितलं त्या दिवशी सुखदाच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

म्हणून जेव्हा मराठी मंडळाच्या गॅदरिंगचा विषय 'जगाची सफर' ठरला, तेव्हा सुखदानं आफ्रिका भांडून मागून घेतली. मंडळाचे अध्यक्ष रत्नाकर, नाशिकचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर, गोड बोलून काम करून घेणारे. ते म्हणाले, "घ्या ना मॅडम, आफ्रिका तुमचीच." सुखदानं वीस मिनिटांचं नाटुकलं लिहिलं. मन्सा मूसाचा काफिला वाळवंटातून येतो आणि हजच्या वाटेवर त्याला बोर्नूचे यात्रेकरू भेटतात. इतिहासात अशी भेट कुठे नोंदलेली नाही, पण नाटकात हलीमाला न्याय द्यायचा तर हा एवढा खोटेपणा चालेल असं तिनं ठरवलं. नाचाचे क्लास घेणारी गौरी मुलांना बसवणार होती. आठ-नऊ वर्षांची बारा-पंधरा मुलं, घरी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी.

आणि सुखदानं हलीमाला आमंत्रण दिलं. "वडलांना घेऊन ये. आमची मुलं तुमची गोष्ट सांगणार आहेत."

हलीमानं ते घरी सांगितलं आणि म्हाताऱ्यानं ध्यासच घेतला. ऐंशी वर्षांत त्यांच्या माणसांची गोष्ट कुठल्या स्टेजवर कुणी मांडलेली त्यांनी पाहिली नव्हती. मांडतायत कोण, तर हिंदी लोकांची लहान पोरं! रोज संध्याकाळी ते हलीमाला विचारायचे, राजा कोण होणार, उंट कसे करणार, बोर्नूचे लोक कधी येणार. हलीमा सकाळी येऊन ते सुखदाला सांगायची आणि दोघी हसायच्या.

नेमकी तेव्हाच शाळेत प्रिलिम आली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सुखदाला तालमीला जायला जमलं नाही. फोनवर विचारलं तर गौरी म्हणायची, "हो ताई, मस्त चाललंय." तिला बिचारीला काय माहीत, असं नव्हे. तिला सगळं माहीत होतं.

गॅदरिंग शुक्रवारी, शहराबाहेरच्या एका इस्तिराहात. इस्तिराहा म्हणजे भाड्यानं मिळणारी बागवाली जागा, मध्ये हॉल, कडेला लॉन. बायकांनी घरून साबुदाणा वडे, मसालेभात करून आणलेला. मुस्तफाचाचा पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा पायघोळ थोब घालून, उदाचं अत्तर लावून आले. गुडघा दुखत होता, तरी काठी गाडीत ठेवून आले. सुखदानं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, डाव्या हाताला हलीमा, आणि त्यांच्या हातात वड्यांची बशी दिली.

जपान झाला, फ्रान्स झाला. मग निवेदिका माइकवर ओरडली, "चला मंडळी, आता जाऊ या काळ्या खंडाच्या घनदाट जंगलात!"

सुखदाच्या नाटकात जंगल नव्हतंच. तिचं नाटक वाळवंटात सुरू होत होतं. ती खुर्चीत पुढे सरकली तोवर ढोल वाजायला लागले आणि मुलं किंचाळत स्टेजवर आली. खोबरेल तेलात काजळ कालवून तोंडं, हात, पोटऱ्या काळ्या केलेल्या. ओठांना लाल रंग फासलेला. कमरेला हिरव्या क्रेप पेपरच्या झालरी, केसांत पुठ्ठ्याचं हाड. हातात भाले. मधोमध एक मोठं पातेलं, त्यात डोक्यावर साहेबी टोपी घातलेला एक मुलगा, आणि बाकीची त्याला शिजवायच्या आवेशात भोवती "हुर्र हुर्र" करत नाचतायत. लोकांना काय चेव आला! शिट्ट्या, टाळ्या, मोबाइल वर उचललेले.

सुखदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, तरातरा स्टेजवर चढली आणि तिनं स्पीकरची वायर उपटून काढली.

"लाज वाटते का?" ती गरजली. माइकची गरज तिला कधी नव्हतीच. "मी काय लिहून दिलं होतं आणि हे काय आणलंत? ज्यांनी सोन्याची राज्यं केली, ग्रंथांनी भरलेली शहरं वसवली, त्यांना तुम्ही माणसं खायला लावलंत? तुमच्या पोरांच्या हातून? आपल्याला कुणी सापवाले, गारुडी म्हटलं की आपण केवढा थयथयाट करतो! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!"

मुलं भेदरून रडायला लागली. काजळाचे ओघळ गालांवरून क्रेप पेपरवर उतरले. गौरी विंगेतून धावत आली. "ताई, मुलांना तुमचे डायलॉग पाठच होईनात हो. एवढं मराठी! आयांचे फोन यायला लागले. मग आम्ही म्हटलं डान्स करू..."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं कुणी?" आता रत्नाकर वर आले होते. गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तुम्हाला काही सांगायला जावं तर आधी अंगावर धावून येता. सगळी कमिटी घाबरते तुम्हाला. आणि एवढं काय झालंय? लहानपणी आपण सगळ्यांनीच केलंय हे. मी स्वतः नाशकात गॅदरिंगला झावळ्या गुंडाळून नाचलोय. कुणाला वाईट वाटलं?"

"तिथे पहिल्या रांगेत त्यांच्यातलं कोण बसलं होतं?"

"आम्हाला काय माहीत तुम्ही कुणाला बोलावलंय ते!"

"म्हणजे कुणी बघायला नसेल तर चालतं?"

बराच वेळ चाललं हे. सुखदानं एकालाही सोडलं नाही, शिट्टी वाजवणाऱ्या डॉक्टरलासुद्धा नाही. तिचा एक शब्द चुकीचा नव्हता, हे मीही सांगेन. शेवटी विजयनं येऊन तिच्या दंडाला धरून खाली आणलं. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. वड्याची बशी खुर्चीखाली ठेवलेली होती, एका वड्याचा फक्त घास घेतलेला.

त्या दिवशी तिनं हलीमाला किती फोन केले. एकही उचलला गेला नाही.

रविवारी शाळा उघडली तर हलीमा खिडकीजवळच्या टेबलावर नव्हती. दाराजवळ बसून वह्या तपासत होती. सुखदा तिच्यासमोर जाऊन बसली आणि सुरूच झाली. "हलीमा, मी त्यांना सोडलं नाही. भर स्टेजवर एकेकाची काढली. मंडळाचा राजीनामा देणार आहे मी. रत्नाकरला तर..."

"तू कुठल्या भाषेत भांडलीस?" हलीमानं मान वर न करता विचारलं.

सुखदाला प्रश्न कळला नाही. "म्हणजे? मराठीत."

"मला मराठी येत नाही. बाबांना येत नाही." हलीमानं पेन खाली ठेवलं. "मला एवढंच दिसलं की तू धावत स्टेजवर गेलीस, मुलं रडायला लागली, तुम्ही सगळे एकमेकांवर ओरडायला लागलात आणि सगळा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला. माझ्याकडे आणि बाबांकडे. त्यांचा गुडघा दुखत होता. काठी गाडीत. त्या सगळ्या लोकांच्या मधून त्यांना हाताला धरून मी एकटी बाहेर नेलं. तू स्टेजवर गेलीस, सुखदा. माझ्याकडे आली नाहीस."

"मला इतका संताप आला होता..."

"तुला आला होता. हो. अपमान माझा, आणि रागवायचं काम तू घेऊन टाकलंस. मला तर चिडायलाही जागा उरली नाही."

सुखदाचं नाक लाल झालं नाही, आवाज चढला नाही. ती म्हणाली, "मला तुझ्या वडलांची माफी मागायची आहे."

"नको," हलीमा म्हणाली आणि तिनं पेन उचललं.

तीन-चार दिवस दोघींत अक्षर नाही. सुखदा घरी विजयवर, भाजीवर, मिक्सरवर चिडत राहिली. राग जाईना. रत्नाकरवरचा तर नाहीच, गौरीवरचा नाही, आणि आता त्यात स्वतःवरचा आणखी येऊन पडला होता. तो तिला नवीन होता आणि त्याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं.

गुरुवारी शाळा सुटताना हलीमाच तिच्याजवळ आली. "बाबा तुला विचारतायत. रोज विचारतायत. आज ये." चेहरा दगडासारखा.

विजय तिला सोडायला आला आणि खाली गाडीतच थांबला. शराफियाच्या पलीकडच्या एका जुन्या इमारतीत तिसरा मजला. सुखदानं जिन्यात तोंडातल्या तोंडात माफीची अरबी वाक्यं जुळवली. मुस्तफाचाचा गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. तिला बघताच त्यांनी दोन्ही हात वर करून स्वागत केलं आणि काहीतरी भरभर बोलले. हलीमा दल्ला, म्हणजे कॉफीची लांब चोचीची किटली, घेऊन आली आणि खाली बसून सपाट आवाजात इंग्रजीत सांगायला लागली.

"बाबा म्हणतायत, त्यांनाच तुझी माफी मागायची आहे. माझं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, डोकं दुखायला लागलं म्हणून मध्येच उठावं लागलं. पाहुण्यानं असं उठून जाऊ नये."

सुखदा बघतच राहिली.

म्हातारा हसत हसत पुढे बोलत होता. हलीमा पेला पुढे ओढत म्हणाली, "ते म्हणतायत, ते छोटे जिन्न छान नाचले. भुतं. पातेल्यातला मुलगा तर फारच गोड होता. तुमच्या हिंदुस्थानात अशा भुतांच्या गोष्टी असतात का, असं विचारतायत. मग मध्येच वीज गेली बहुतेक, आवाज बंद झाला, मुलं घाबरली, तू त्यांना सांभाळायला धावलीस." तिनं कॉफी पेल्यात ओतली. एक थेंब बाहेर सांडला नाही. "विचारतायत, त्यानंतर तुझं नाटक झालं ना? आमच्या लोकांचा काफिला आला, तेव्हा लोक उठून उभे राहिले का?"

त्यांनी ओळखलंच नव्हतं. ती भालेवाली, हाडं लावलेली, किंचाळणारी मंडळी म्हणजे आपण, आपले आजोबा, आपला बोर्नू, हे त्या माणसाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. येणार तरी कसं? ते राजाची वाट बघत बसले होते.

सुखदानं हलीमाकडे पाहिलं. हलीमानं वर पाहिलं आणि मान अगदी थोडीशी हलवली. जन्मात ज्या बाईनं कुणाच्या तोंडावर खरं बोलायचं टाळलं नव्हतं, त्या बाईच्या घशाशी त्या वेळी सगळं खरं येऊन थांबलं होतं. रत्नाकर, गौरी, शिट्ट्या, काजळ, सगळं.

"हो," ती म्हणाली. "आला काफिला."

हलीमानं ते अरबीत सांगितलं.

मग सुखदानं सगळं नाटक सांगितलं. पुठ्ठ्याचे उंट, पिवळ्या चादरीचं वाळवंट. मिठाच्या लाद्या घेऊन व्यापारी आले. मन्सा मूसा आला, त्याच्यापुढे सोन्याच्या काठ्या घेतलेले सेवक. एकेक वाक्य ती इंग्रजीत बोलायची, थांबायची, आणि हलीमा ते आपल्या बापाला सांगायची. हलीमाचा आवाज कुठेही हलला नाही. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते आणि ओठांवर हसू होतं.

"आणि बोर्नू?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. एवढं अरबी सुखदाला समजलं.

"बोर्नूचे यात्रेकरू शेवटी आले. पायी. राजानं उंटावरून उतरून त्यांना पाणी दिलं."

"लोक उभे राहिले?"

"सगळे," सुखदा म्हणाली.

हलीमानं तो एकच शब्द सांगितला आणि उठून आत गेली. म्हाताऱ्यानं सुखदाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा हवेत धरला आणि तिच्या मुलाबाळांसाठी, नवऱ्यासाठी, मंडळातल्या सगळ्या पोरांसाठी दुआ मागितली.

निघताना हलीमा दारापर्यंत आली. सुखदा चपला घालत म्हणाली, "पुढच्या वर्षी मी हे खरोखर करीन. मी स्वतः मुलांकडून करून घेईन."

"कर," हलीमा म्हणाली. "तुझ्या मुलांना गरज आहे. आम्हाला बोलावू नकोस." मग तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "त्या डोकेदुखीचं सोडलं तर माझ्या बापाशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. तू बोललीस इंग्रजीत. त्यांच्याशी बोलले ते मी."

दार बंद झालं.

सुखदा खाली आली आणि गाडीत बसली. विजयनं गाडी सुरू न करताच विचारलं, "काय म्हणाले? फार रागावलेत का गं?"

"नाही," सुखदा म्हणाली. "नाटक आवडलं म्हणाले." आणि समोरच्या डॅशबोर्डवर मुठी आपटत ती रडायला लागली.